पोटात न गेलेला घोट

हरेश गेल्याचं मला त्याच्या शेजारणीनं फोनवर सांगितलं. गुरुवारची सकाळ होती, आठ वाजत आले होते. "मॅडम, घरतकाका फिरायला निघाले होते. बुटाची नाडी बांधायला खुर्चीत बसले, ते बसलेलेच राहिले," ती म्हणाली. मग जरा थांबून, "आजी विचारतायत, शैलाबाय कधी येते?" पनवेलच्या माझ्या घरापासून करंजाड्याला रिक्षानं पंधरा मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात ठमाकाकूंना काय म्हणायचं ते मी मनाशी जुळवत होते. जिना चढून आत गेले तर पंच्याऐंशी वर्षांच्या काकू मुलाच्या पायाशी फरशीवर बसून त्याचा मोजा काढत होत्या. डॉक्टर येऊन गेले होते. काकूंनी मान वर केली. "बघ गो शैला," त्या म्हणाल्या, "एक बूट घातला, दुसरा र्‍हायला." जुळवलेलं सगळं मी विसरले आणि त्यांच्या शेजारी खाली बसले...

आज त्याला सात आठवडे होतील. हरेश, म्हणजे हरेश्वर घरत, मोठ्या बोटींवर आणि नंतर मुंबईतल्या एका हॉटेलात वाइन वाढायचं काम करायचा. नुसतं वाढायचं नाही. कुठल्या जेवणाबरोबर कुठली बाटली, ती किती थंड हवी, आतली वाइन चांगली आहे की बिघडलेली, हे सगळं त्यानं ठरवायचं. पस्तीस वर्षं त्यानं हे काम केलं आणि त्या पस्तीस वर्षांत वाइनचा एक घोटही पोटात जाऊ दिला नाही. हे सांगितलं की लोक हसतात. हॉटेलातल्या लोकांना तो देवभोळेपणा वाटायचा, आमच्या पनवेलच्या मित्रमंडळींना ती थाप वाटायची. खरं काय ते मला माहीत होतं, कारण ती शपथ त्यानं घेतली त्या दिवशी मी तिथे होते.

आम्ही एका वर्गात होतो. माझे वडील पनवेलला पोस्टात, त्याचे वडील खाडीकाठच्या मिठागरावर कामाला. त्याचं गाव आता उठलं, त्या जागी काय काय उभं राहिलं. पण तेव्हा आमच्या गच्चीवरून मिठाचे ढीग दिसायचे. वडील कष्टाळू होते आणि हातभट्टीच्या पूर्ण कह्यात गेलेले होते. आम्ही नववीत असताना एका संध्याकाळी ते मिठागराच्या बांधावरून परतताना तोल जाऊन चिखलात पडले आणि उठलेच नाहीत. तेराव्याला माझे वडील मला घेऊन त्यांच्याकडे गेले होते. सगळे जेवून उठल्यावर काकूंनी हरेशला समोर बसवलं, त्याचा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाल्या, "बोल. एक घोट पोटात जानार नाय." तो बोलला. त्याच्या धाकट्या बहिणी दारात उभ्या राहून बघत होत्या. चौदा वर्षांचा मुलगा, हात खाली घ्यायचा की तसाच ठेवायचा हे त्याला कळत नव्हतं.

बारावीनंतर तो मुंबईला हॉटेलचं शिक्षण घ्यायला गेला आणि चोविसाव्या वर्षी प्रवासी बोटीवर लागला. पाठच्या दोन्ही बहिणींची लग्नं त्यानं केली. स्वतःचं मात्र आज करू, उद्या करू म्हणत राहिलं ते राहिलंच. सुरुवातीला तो जेवण वाढायचा. दोन वर्षांनी त्याच्या वरिष्ठानं त्याचं नाक हेरलं. स्वयंपाकघरात कुठल्या भांड्यातलं मासळीचं कालवण कालचं आणि कुठलं आजचं, हे तो झाकण न काढता सांगायचा म्हणे. त्यांनी त्याला वाइनच्या कामावर घेतलं. त्यानं आढेवेढे घेतले तेव्हा ते त्याला म्हणाले, "या धंद्यात शहाणी माणसं गिळत नाहीत, थुंकतात." चव घ्यायची, तोंडात घोळवायची, आणि बाजूच्या भांड्यात थुंकायची. दिवसाला तीस-चाळीस वाइन चाखणारा माणूस गिळायला लागला तर दुपारपर्यंत आडवा होईल. हरेशनं शपथेचे शब्द आठवून पाहिले असणार. पोटात जाणार नाही, असं तो बोलला होता. तोंडाचं काही बोलणं झालं नव्हतं.

पण आईला हे सांगायचं धाडस त्याला झालं नाही, आणि इथे माझा भाग सुरू होतो. काकूंना वाचता येत नव्हतं. त्या पनवेलच्या बाजारात सुकी मासळी घेऊन बसायच्या आणि बाजार उठला की मुलाचं पत्र घेऊन तळ्यामागच्या आमच्या घरी यायच्या. ओट्यावर बसून मी ते वाचायचे, मग त्या सांगतील ते उत्तर लिहायचे. माझं लग्न झालं, सासरही पनवेलच, तर त्या सासरी यायला लागल्या. हरेशच्या पाकिटात दोन पानं असायची. एक आईचं. दुसऱ्यावर कोपऱ्यात लिहिलेलं, 'शैला, हे आईला वाचू नकोस.' आईच्या पानात समुद्र, थंडी, जेवायला काय मिळतं, बहिणींची चौकशी. माझ्या पानात द्राक्षं.

द्राक्षं म्हणजे आपल्या नाशिक-सांगलीची लांबट गोड द्राक्षं एवढीच माझी कल्पना. त्यानं लिहिलं, वाइनची द्राक्षं निराळी. बारकी, जाड सालीची, बियांनी भरलेली, खायला घेतली तर साल चावत बसावं लागतं, पण गोडी अशी की बोटं चिकट होतात. फ्रान्समधल्या एका बंदराला बोट लागली तेव्हा तो सुट्टीच्या दिवशी मळे बघायला गेला होता. तिथे त्यानं कॅबर्ने सोव्हिन्यों पहिल्यांदा वेलीवर पाहिलं. 'वाइनसाठी जगभर जिथे तिथे लावतात ते हे,' त्यानं लिहिलं होतं, 'आणि बाई, याचा वास आपल्या करवंदासारखा आहे. पिकलेलं नव्हे, अजून पाटीत आहे आणि चीक सुटतोय ते.' मी तेव्हा शाळेत मराठी शिकवायला लागले होते म्हणून तो मला बाई म्हणायचा. मर्लो त्याच रंगाचं पण स्वभावानं मऊ, कच्च्या आलूबुखारासारखं नाही तर शिजवलेल्यासारखं. सिरा म्हणून एक आहे, ऑस्ट्रेलियात त्यालाच शिराझ म्हणतात, त्यात काळी मिरी कुटल्याचा वास. ही पानं वाचताना मला हेवा वाटायचा हे आज कबूल करते. मी पनवेलच्या एका शाळेत त्याच त्या फळ्यापुढे उभी, आणि हा मुलगा देशोदेशीचे वास हुंगत हिंडतोय. आणि पान घडी घालून ठेवताना समोर ओट्यावर बसलेल्या काकू विचारायच्या, "बस, एवढाच लिवलाय?" मी म्हणायचे, "एवढंच, काकू."

पुढे फोन आले, पत्रं थांबली. पन्नाशी जवळ आल्यावर तो बोट सोडून मुंबईच्या हॉटेलात आला आणि काकूंना घेऊन करंजाड्याच्या फ्लॅटमध्ये राहू लागला. काकू शेजाऱ्यांना सांगायच्या, माझा मुलगा मोठ्या हॉटेलात पाहुण्यांची व्यवस्था बघतो. बरं चाललं होतं. मग ती साथ आली. दुसऱ्या लाटेत हरेश आजारी पडला, बरा झाला, पण वास गेला तो गेलाच. सहा महिने तो वाट बघत राहिला. लवंग, कापूर, लसूण रोज सकाळी नाकाशी धरायचा, डॉक्टरांनी सांगितलं होतं तसं. जिभेला खारट, गोड, आंबट, कडू एवढं कळत होतं. बाकी सगळं गेलं. त्यानं हे फक्त मला सांगितलं. तळ्याच्या काठी बाकावर बसलो होतो. "बाई," तो म्हणाला, "आंधळा झालो असतो तर लोकांना दिसलं तरी असतं."

तो तसाच कामावर जात राहिला. लेबल वाचलं की त्या द्राक्षाचा वास त्याला आठवायचा, आणि आठवणीतूनच तो पाहुण्यांना सांगायचा. वर्षभर कुणाला शंकासुद्धा आली नाही. मला हे बरोबर वाटत नव्हतं, पण मी बोलले नाही. लपवाछपवीत त्याला साथ द्यायची माझी सवय जुनी होती. मग एका दुपारी हॉटेलात कुणाच्या लग्नाच्या वाढदिवसाचं जेवण होतं. त्याच्या हाताखाली रेश्मा नावाची मुलगी होती, खारघरच्या बेलपाड्याची, पंचविशीतली, कामाला वर्षच झालेलं. तिनं एक बाटली उघडली, हुंगली आणि त्याच्याकडे घेऊन आली. "सर, मला ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येतोय. बूच खराब असेल का?" त्यानं चव घेतली, थुंकला. नाकाला काहीच कळलं नाही. "ठीक आहे, वाढ," तो म्हणाला. पाहुणे जाणकार निघाले. त्यांनी सगळ्यांसमोर ग्लास परत केले, मोठा अपमान झाला, आणि मॅनेजरनं रेश्माला जबाबदार धरलं. बाटली तिनं उघडली होती. सरांचं नाव तिनं घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी हरेश मॅनेजरच्या खोलीत गेला आणि त्यानं सगळं सांगितलं. वास गेलाय, वर्षभर लपवलंय, त्या मुलीनं मला विचारलं होतं आणि तिचं बरोबर होतं. त्याच दिवशी त्यानं नोकरी सोडली. संध्याकाळी माझ्याकडे आला, पाणी प्यायला. मग म्हणाला, "नोकरी जायची होतीच. पण तिचं नाक खरं सांगत होतं शैला, आणि मी तिला खोटं पाडलं. आता ती आयुष्यभर स्वतःच्या नाकावर शंका घेईल."

त्यानं ते तसं होऊ दिलं नाही. रेश्माला एका परदेशी संस्थेची वाइनची परीक्षा द्यायची होती. "तुला मी शिकवतो," तो तिला म्हणाला. शिकवायचं कुठे? स्वतःच्या घरात आईसमोर बाटली आणणं शक्य नव्हतं. म्हणून दर रविवारी सकाळी माझ्या घरी. हे गेल्यापासून मी एकटीच आहे, जागा भरपूर. आणि त्याला माझं नाक हवं होतं. वाइनमध्ये रेश्माला काय वास येतो ते बरोबर की चूक हे सांगायला त्याच्याजवळ आता नाक नव्हतं. मग मी हुंगायचे आणि मला वाटेल ते सांगायचे; आमच्या दोघींचं ऐकून तो आठवणीशी ताडून बघायचा. मी म्हटलं, मला यातलं काय कळतं? तर म्हणाला, "तू मराठीची बाई आहेस. वासाला आपल्याकडे किती शब्द आहेत ते तरी सांगशील." आणि खरंच, मी फळ्यावर लिहावेत तसे ते कागदावर लिहून काढले. खमंग, करपट, खवट, कुबट, आंबूस, उग्र, मातकट, धुरकट, ओशट, हिवस... हिवस शब्द रेश्मानं कधी ऐकलाच नव्हता. कच्च्या मासळीचा, कच्च्या अंड्याचा वास, तिला सांगितलं. हरेश त्या शब्दाशी थांबला. "मी या वासात वाढलो," तो म्हणाला, "आणि आता तो शब्दच उरलाय."

माझ्या सासऱ्यांची पितळी पिकदाणी माळ्यावर पडली होती, ती घासून काढली. तिघांसाठी ती एकच. चौथ्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिकेच्या घरातून दर रविवारी रिकामी बाटली खाली जाते, याची सोसायटीत चर्चा झाली असणार. कचरा नेणारी बाई एकदा हळूच म्हणाली, "मॅडम, तब्येत सांभाळा." हरेश त्या दिवशी पुष्कळ हसला. ते त्याचं हसणं मला बरेच दिवस पुरलं.

त्यानं शिकवायला सुरुवात केली ती जगात सगळ्यात जास्त लावल्या जाणाऱ्या द्राक्षांपासून. एवढी नीट आली, तर कुठल्याही देशात कुठल्याही टेबलाशी उभी राहा, वाट चुकणार नाहीस, असं तो रेश्माला सांगायचा. माझ्या जेवणाच्या टेबलावर वाट्या मांडलेल्या असायच्या. कॅबर्नेसाठी करवंदं आणि चिरलेली ढोबळी मिरची. शार्दनेसाठी घरचं लोणी आणि सफरचंद. सोव्हिन्यों ब्लाँसाठी आवळा आणि सोसायटीच्या बागेतलं ताजं कापलेलं गवत. स्पेनच्या टेम्प्रानियोसाठी तंबाखूची पुडी आणि नवीकोरी कोल्हापुरी चप्पल. चप्पल टेबलावर ठेवायला मी नको म्हटलं तर त्यानं ती ताटलीत ठेवली. पिनो न्वार हे नाजूक, थंड प्रदेशातलं. त्यासाठी ओल्या पालापाचोळ्याची मूठ. गार्नाचा, ज्याला फ्रान्समध्ये ग्रेनाश म्हणतात, ते उन्हातलं, रांगडं. इटलीचं ट्रेबियानो, त्यालाच फ्रान्समध्ये उन्यी ब्लाँ हे दुसरं नाव. वासात फारसं काही नाही, आंबटपणा मात्र भरपूर, म्हणून त्याची ब्रँडी करतात. रेश्मा वहीत लिहून घ्यायची, डोळे मिटून हुंगायची, आणि हळूहळू "मला वाटतं" म्हणायचं सोडून "आहे" म्हणायला लागली. तेवढ्यासाठीच तो चार मजले चढून येत होता. वर आला की दाराशी जरा टेकायचा, धाप लागलेली असायची. मी विचारलं की म्हणायचा, वय झालं बाई. मी ते ऐकून घ्यायचे... मी ते ऐकून घ्यायला नको होतं.

एका द्राक्षाबद्दल मात्र तो वेगळ्याच आवाजात बोलायचा. ऐरेन. स्पेनच्या मधल्या कोरड्या पठारावर लावतात. पाऊस कमी, म्हणून वेली एकमेकींपासून लांब लांब, जमिनीलगत, झुडपासारख्या. एके काळी जगात सगळ्यात जास्त जमीन या एका द्राक्षाखाली होती आणि आजही पुष्कळ आहे. "पण पस्तीस वर्षांत एकाही पाहुण्यानं माझ्याकडे ते नाव घेऊन बाटली मागितली नाही," तो म्हणाला. "सगळं ब्रँडीत नाहीतर स्वस्त वाइनमध्ये जातं. आमच्या मिठासारखं. खातात सगळे, कुठल्या आगरातलं ते कोण विचारतो?" रेश्मानं विचारलं, "सर, परीक्षेत येईल का?" तो म्हणाला, "येणार नाही. पण माहीत असू दे."

आईपासून लपवलेलं सगळं बाहेर आलं ते दुधामुळे. गेल्या वर्षी एका दुपारी त्यानं गॅसवर दूध ठेवलं आणि तिथेच स्टुलावर बसून रेश्माच्या वह्या तपासत राहिला. दूध उतू गेलं, ज्योत विझली, गॅस सुटत राहिला. तो त्यात बसून वाचत होता. आतल्या खोलीत झोपलेल्या काकूंना वासानं जाग आली. त्यांनी येऊन बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या आणि मुलापुढे उभ्या राहिल्या. "नाकाला काय झालाय तुज्या?" त्यानं सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "ता लपवलास कशाला?" आणि एकातून एक निघत गेलं. नाक का महत्त्वाचं होतं, नोकरी का गेली, नोकरी काय होती. "आये, मी दारू वाटायचू बोटीवर," तो म्हणाला. "तोंडात घ्यायचू. थुकायचू." काकू दोन दिवस बोलल्या नाहीत. जेवण करून वाढत होत्या, पण बोलणं नाही.

तिसऱ्या दिवशी त्यानं मला बोलावून घेतलं. काकू वाल सोलत बसल्या होत्या. माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "शैला, तू मना पत्रा वाचून दावायचीस. तवा सगला वाचायचीस का?"

"नाही काकू," मी म्हटलं.

"हायत का ती पाना?"

माझ्याकडे होती. दुसऱ्या दिवशी ती घेऊन गेले आणि तीन दुपारी बसून त्यांना वाचून दाखवली. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी गाळलेला मजकूर, आईसारख्या बाईसमोर, तिच्या मुलाच्या देखत. हरेश आमच्याकडे पाठ करून खिडकीशी उभा होता. काकू मधूनमधून थांबवायच्या, हे करवंदासारखं म्हणतो ते कुठलं, ते गाव केवढं, वेलीला पाणी कोण घालतं. पानं संपली तेव्हा हरेश वळून म्हणाला, "आये, शपथ मोडली का मी?"

काकूंच्या मांडीवर सोललेल्या वालांचं ताट होतं. त्यात बोटं फिरवत त्या म्हणाल्या, "पोटात गेली नाय ना? मंग." आणि मग, "तुज्या बापाला कुनी थुकायला शिकवला असता तं..." हरेश येऊन त्यांच्याशेजारी बसला आणि उरलेले वाल सोलायला लागला.

त्यानंतरचा रविवार काकूंनीच ठरवला. "उन्हातान्हात चार जिनं कशाला चढतंस? इकडंच या." मग शेवटचे सात-आठ महिने वर्ग करंजाड्याच्या हॉलमध्ये भरला. काकू कोपऱ्यात मिश्री लावत बसायच्या आणि ऐकायच्या. एकदा रेश्मानं भीतभीतच ग्लास त्यांच्या नाकाशी नेला. त्यांनी हुंगलं, तोंड वाकडं केलं आणि म्हणाल्या, "मिरी कुटल्यावानी. आनि मागून धूर येतोय." सिरा होतं. रेश्मा आणि मी दोघींनाही धूर कळला नव्हता. हरेश आईकडे बघत राहिला. "नाक इथून आलं होतं," तो हळूच मला म्हणाला, आणि उठून आत गेला. त्याच्या डोळ्यांतलं पाणी काकूंना दिसू नये म्हणून गेला असावा. त्या दिवसांत मला वाटायचं, आता सगळं मार्गी लागलं. एवढी वर्षं डोक्यावर असलेलं ओझं उतरलंय, आता हा माणूस दहा-पंधरा वर्षं सुखानं काढेल... त्याच्या हृदयात काय चाललंय हे ना त्याला ठाऊक होतं, ना आम्हाला.

तो गेला तेव्हा रेश्माची परीक्षा बारा दिवसांवर आली होती. ती देणार नाही म्हणत होती. दहाव्याला आली होती तेव्हा काकूंनी तिला हाताला धरून बाजूला नेलं. "जा. त्यानं शिकवला ता वाया घालवू नको," एवढंच म्हणाल्या. ती गेली.

गेल्या रविवारी ती पेढे घेऊन करंजाड्याला आली. पास झाली, चांगल्या गुणांनी. मी तिथेच होते; हल्ली रविवारी मी जातेच. काकूंनी पेढे देवापुढे ठेवले, तिला जवळ बसवलं आणि म्हणाल्या, "काय काय शिकवला त्यानं तुला? मना सांग." रेश्मानं पदवीदानाला उभी राहावी तशी पाठ ताठ केली आणि एकेक नाव घ्यायला लागली. कॅबर्ने सोव्हिन्यों. मर्लो. टेम्प्रानियो. ऐरेन. शार्दने. प्रत्येकाचा देश, रंग, वास. काकूंचे ओठ तिच्याबरोबर हलत होते. नावं जमत नव्हती, तरी त्या म्हणत होत्या. सगळी झाल्यावर त्यांनी विचारलं, "यातली त्याला आवडायची कुठली?"

रेश्मानं माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे. दीड वर्षाचे रविवार, आणि माझ्याजवळ तर त्याची जुनी पत्रं. कुठली चांगली, कुठली महाग, कुठली कशाबरोबर द्यायची, हे सगळं त्यानं सांगितलं होतं. त्याला स्वतःला कुठली आवडते हे आमच्यापैकी कुणीच कधी विचारलं नव्हतं. त्यानं कधी गिळलीच नाही, म्हणून त्याला आवडनिवड असेल हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. ऐरेन म्हणावं, असं माझ्या ओठांवर आलं होतं. ते नाव घेताना त्याचा आवाज बदलायचा हे खरं, पण ते प्रेम होतं की नुसती कणव, हे मला माहीत नाही. आणि काकूंना मी आता माहीत नसलेलं काही सांगत नाही.

"माहीत नाही, काकू," मी म्हटलं. "मी विचारलंच नाही कधी."

काकूंनी मान हलवली. "मी तरी कुठं इचारला," त्या म्हणाल्या. "त्याला काय आवडता ता मी त्याच्या लहानपनापासून कदी इचारला नाय. काय करायचा नाय, तेवढाच सांगत र्‍हायली."

मग त्या उठल्या, भिंतीला धरत धरत त्याच्या खोलीत गेल्या. खोली त्यांनी होती तशी ठेवली आहे. टेबलावर काचेचे ग्लास उलटे घालून ठेवलेत, प्रत्येक ग्लासाखाली पांढऱ्या फडक्याचा तुकडा. रोज दुपारी जेवण झाल्यावर तो ते ग्लास उजेडाकडे धरून पुसायचा, वाइन असो नसो. आता काकू पुसतात. त्यांच्या हाताला कंप आहे, म्हणून एका वेळी एकच, दोन्ही हातांनी धरून. रेश्मा मदतीला पुढे झाली तर त्यांनी तिला थांबवलं. त्यांनी ग्लास खिडकीतल्या उजेडाकडे धरला, त्यावर एक डाग दिसला, पुन्हा फडकं फिरवलं, आणि पुन्हा धरला. आम्ही दोघी दारात उभ्या होतो. त्यांचं पुसून होईपर्यंत उभ्या राहिलो.